जोधपूर-बालोतरा साईडला घर घ्यावं का? गाव चोपडा, नोकरी रिफायनरीवर

तापीकाठचा_पोरगा

नमस्कार मंडळी, इथं बरेच जण बाहेरगावी नोकरीला आहेत म्हणून विचारतोय, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

मी चोपडा तालुक्यातला. सध्या राजस्थानात पचपदऱ्याच्या रिफायनरीवर एका कॉन्ट्रॅक्टरकडं इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, राहायला बालोतऱ्यात भाड्यानं, बायको आणि मुलगी सोबत, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. भाडं दरवर्षी वाढतंय आणि घरमालक आता म्हणतो की कंपनीवाल्यांना खोली दिली तर दुप्पट मिळतात. म्हणून डोक्यात आलं की इथंच काहीतरी घेऊन टाकावं.

तीन गोष्टी समोर आहेत. एक, बालोतऱ्याच्या बाहेर नवीन कॉलनी पडतेय तिथं प्लॉट, स्वस्त आहे, एजंट रोज फोन करतो, म्हणतो दोन वर्षात डबल. दोन, जोधपूरला पाल रोडच्या बाजूला टू बीएचके फ्लॅट, रेडी आहे, पण मग मला रोजचं एका बाजूनं शंभर किमीच्या आसपास पडेल नाहीतर शनिवार-रविवारीच घरी. तीन, वडील म्हणतात वाळवंटात कुठं पैसा घालतो, जळगावला पिंप्राळ्याकडं रो हाऊस बघ, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी तरी येतील. बजेट लोन धरून चाळीस लाखांच्या आत.

उन्हाची मला भीती नाही, आपण ४५-४६ वाले आहोत. पण पाण्याचं, कागदाचं, बांधकामाचं तिकडचं गणित वेगळं आहे असं जाणवतंय. कुणी राहिलेलं असेल तर सांगा.

भो_काय_सांगू

पयले पानी देख भो, मंग भिंती देख. बाकी एजंट "डबल" म्हनला म्हंजे त्याचं कमिशन डबल.

भुसावळ_जंक्शन

मी रेल्वेत, जोधपूरला बरीच वर्षं काढली, आता परत भुसावळला आलोय. जोधपूरबद्दल सांगतो, बालोतऱ्याचं दुसरं कुणीतरी सांगेल.

जोधपूरला पाणी येतं ते इंदिरा गांधी कॅनॉलचं. म्हणजे बघा, पंजाबात सतलज-बियास जिथं मिळतात त्या हरिके बॅरेजवरून निघतं, १९५८ ला काम सुरू झालेला कॅनॉल, फीडर धरून साडेसहाशे किमीच्या आसपास लांबी, त्यातून पुढं लिफ्ट करून करून जोधपूरच्या कायलाना तलावात येतं. आपल्याकडं वाघूर धरण भरलं की नाही ते पेपरात वाचतो आपण, तिथं लोक पंजाबात काय चाललंय ते वाचतात. आणि दर उन्हाळ्याच्या तोंडाला मार्च ते मे मध्ये कधीतरी कॅनॉल दुरुस्तीसाठी बंद करतात, त्याला तिकडं नहरबंदी म्हणतात. तेव्हा कायलान्यात साठवलेल्या पाण्यावर शहर चालतं आणि नळ एक दिवसाआड जातो. एक दिवसाआड ऐकून भुसावळकर हसतील कारण आपल्याकडं आठ-आठ दहा-दहा दिवस नळ येत नाही आणि आपण ड्रम भरून गुमान बसतो. तर जोधपूर शहर पाण्याला वाईट नाही, उलट माझ्या मते आपल्यापेक्षा बरं. पण ज्या कॉलनीत लाईन पोचलीय तिथं. शहराच्या कडेच्या स्कीममध्ये टँकर चालतात, तिथं फ्लॅट स्वस्त असण्याचं कारण तेच असतं बऱ्याचदा.

म्हणून फ्लॅट बघायला जायचं तर नहरबंदीत जा. दिवाळीत गेलात तर सगळ्या बिल्डिंगा छान दिसतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी जा, वॉचमनला विचारा टँकर किती येतात, बिल कोण भरतं, खालच्या टाकीची कपॅसिटी किती. वॉचमन खोटं बोलत नाही, त्याला काय मिळणार.

दुसरी गंमत सांगतो जी बाहेरच्याला पटतच नाही. जोधपूरच्या जुन्या शहरात जमिनीखालचं पाणी वर येतंय, खाली जात नाहीये. कॅनॉलचं पाणी आल्यावर लोकांनी विहिरी, बावड्या वापरायच्या बंद केल्या, वरून हे बाहेरचं पाणी रोज शहरात येऊन मुरतंय, लाईनी गळतात त्या वेगळ्याच, त्यामुळं तळघरांत पाणी भरतं आणि दुकानदार पंप लावून बसलेले असतात. वाळवंटात ओल चढलेल्या भिंती! तर जुन्या भागात तळघर असलेलं घर स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी गळाला लावलं तर आधी तळघराच्या कोपऱ्यात हात लावून बघा. पाल रोडला हा त्रास मी तरी ऐकला नाही पण बेसमेंट पार्किंग असेल तर खाली जाऊन बघायला काय जातं.

नवी_पेठ_जळगाव

आमचे मूळचे लोक तिकडचेच, चार पिढ्यांपासून जळगावात, पण मामा अजून बालोतऱ्यात आहेत, नाकोडाजीच्या जैन मंदिराला गेलो की त्यांच्याकडंच उतरतो. त्यामुळं कागदांचं थोडं सांगू शकतो.

दादा तुमच्या प्लॉटबद्दल पहिला प्रश्न, पट्टा कुणाचा आहे? आपल्याकडं जसं सातबारा, एनए, सिटी सर्व्हेचा उतारा, तसं तिकडं पट्टा हा शब्द सगळीकडं ऐकू येतो आणि त्याच्यातच सगळी मेख आहे. नगर परिषदेनं किंवा जोधपूरला असेल तर जेडीएनं म्हणजे जोधपूर विकास प्राधिकरणानं दिलेला पट्टा असेल तर तो खरा. गावठाणात पंचायतीचा पट्टा असतो, तोही चालतो पण तो खरंच आबादीच्या म्हणजे वस्तीच्या जमिनीवर दिलाय का ते बघावं लागतं. आणि तिसरा असतो सोसायटीचा पट्टा, म्हणजे कुणीतरी शेतजमीन घेतली, हाऊसिंग सोसायटी नावाला केली, नकाशा छापला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि रंगीत कागदावर पट्टा दिला. तो बघायला सगळ्यात भारी दिसतो. आपल्याकडं गुंठेवारीत जसे एक-एक गुंठ्याचे तुकडे विकून लोक अडकले आणि मग २००१ च्या कायद्यानं नियमित करायची पाळी आली तसंच प्रकरण समजा.

शेतजमीन बिनशेती करायची तर तिकडं लँड रेव्हेन्यू ॲक्टचं ९०-अ होतं, ते झालंय का, ऑर्डर दाखव म्हणा. खसरा नंबर म्हणजे आपला गट नंबर तो घ्या आणि सरकारी "अपना खाता" वेबसाईटवर जमाबंदी काढा, आपलं महाभूलेख तसंच ते, खातेदार म्हणून कुणाचं नाव येतं ते बघा. आणि अजून एक महत्त्वाचं, राजस्थान टेनन्सी ॲक्ट १९५५ चं कलम ४२. अनुसूचित जातीच्या खातेदाराची शेतजमीन त्या जातीबाहेर विकता येत नाही, जमातीचंही तसंच. झालेला व्यवहार कायद्यापुढं शून्य. आपल्याकडं चोपडा, यावल, नंदुरबार साईडला आदिवासी जमिनीचं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. एजंट लोक अशी जमीन मुखत्यारपत्रावर फिरवतात, म्हणून जुने व्यवहार पण मागा, नुसता शेवटचा कागद नको.

रेरा नंबर विचारा, म्हणजे बिल्डरच्या स्कीमची सरकारी नोंदणी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी प्लॉटची स्कीम असेल तर नोंदणी लागते, हा केंद्राचाच कायदा आहे, राजस्थानची रेराची वेबसाईट आहे त्यावर दिसतं. आणि सगळ्यात सोपी परीक्षा, कोणत्याही सरकारी बँकेत जाऊन विचारा या प्लॉटवर लोन देता का. "लोन नहीं होगा साहब, कॅश में कर लो, डिस्काउंट दे देंगे" असं एजंट म्हणाला की चहा पिऊन परत या.

खर्चाचं: तिकडं रेडी रेकनरला डीएलसी रेट म्हणतात. वहिनींच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का वाचतो, महाराष्ट्रातही तेवढाच वाचतो, त्यामुळं हा मुद्दा तिन्ही पर्यायांना सारखाच.

तापीकाठचा_पोरगा

@नवी_पेठ_जळगाव दादा तुम्ही तर डोळेच उघडले. एजंटला आत्ता फोन करून विचारलं, पट्टा सोसायटीचाच आहे. म्हणतो सरकारचं "प्रशासन शहरों के संग" सारखं शिबिर लागलं की पक्का करून देऊ. पाण्याचं विचारलं तर म्हणे नहर का पानी आ रहा है, पाईप पडून राहिलेत रस्त्याच्या कडेला, ते मी पाहिलेत पण. शेजारी दोन घरं उठलीत, दोघांकडं टँकरच. जमीन थोडी खोलगट आहे, मागच्या बाजूला पांढरट थर दिसतो मातीवर, मला वाटलं चुनखडी असेल.

धुळ्याचा_सिव्हिलवाला

पांढरट थर म्हणजे चुनखडी नसणार हो भाऊ, खार असणार. पचपदरा हे मिठाचं गाव आहे, मिठागरं बघितली असतीलच तुम्ही रिफायनरीच्या रस्त्याला. खोलगट जमिनीत पाणी साचतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ वर राहतं, तोच पांढरा थर. मुक्ताईनगरच्या पलीकडं पूर्णाकाठची खारपाण जमीन पाहिली असेल तर त्याचाच हा मोठा भाऊ.

अशा जमिनीत घर बांधणं अशक्य नाही पण पायाचा खर्च वेगळा धरायचा. मातीची आणि बोअरच्या पाण्याची टेस्ट करायची, क्लोराईड आणि सल्फेट दोन्ही किती ते काढायचं. बरेच मिस्तरी म्हणतात सल्फेटवालं सिमेंट वापरा की झालं, पण ते फक्त सल्फेटला ठीक, क्लोराईड जास्त असेल तर ते लोखंडाला उलट कमी सांभाळतं. दोन्ही असतील तर स्लॅगचं किंवा फ्लाय ॲशचं सिमेंट, काँक्रीट घट्ट, पाणी कमी, कव्हर जास्त, क्युरिंग नीट. आणि बोअरचं खारं पाणी काँक्रीटला अजिबात वापरू द्यायचं नाही, मिस्तरी वापरतो कारण टँकरला पैसे लागतात. पाच-सात वर्षांनी प्लिंथजवळ प्लास्टर फुगतं, हातानं निघतं, आत सळई गंजून मोठी झालेली असते. डीपीसी म्हणजे प्लिंथवरचा ओल अडवणारा थर चांगला नसेल तर खार भिंतीत गुडघ्यापर्यंत चढतो, रंग टिकत नाही.

वाळवीचं पण लक्षात ठेवा, कोरड्या रेतीत ती जास्तच. म्हणून तिकडं जुन्या घरांना दाराच्या चौकटी दगडाच्या असतात. आपण नवापूरच्या सागवानाचं कौतुक करतो, तिकडं दगड घ्या.

आता उन्हाचं, कारण तुम्ही म्हणाला भीती नाही. मान्य, पण फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री मोजलंय, म्हणजे भुसावळच्याही वर चार-पाच डिग्री. लोक म्हणतात जोधपूरचा दगड थंड असतो, छित्तर पत्थर. नुसता दगड थंड नसतो हो, दगडातून उष्णता विटेपेक्षा लवकर आत येते. जुनी घरं थंड राहतात ती दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींमुळं, अरुंद गल्ल्यांमुळं एकमेकांवर पडणाऱ्या सावलीमुळं आणि मधल्या चौकामुळं. आज बिल्डर नऊ इंची भिंत बांधून बाहेरून एक इंच दगड चिकटवतो आणि "पारंपरिक" म्हणून विकतो, ती भिंत संध्याकाळी सात वाजता तव्यासारखी असते. फ्लॅट घेणार असाल तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा) आहेत का विचारा, पश्चिमेची बेडरूम टाळा आणि वरचा मजला तर घेऊच नका. घ्यावाच लागला तर गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाईल्सचा थर किंवा दरवर्षी उन्हाळ्याआधी चुना. आपल्या धाब्याच्या घरांवर जाड मातीचा थर असायचा तो काय उगाच नव्हता, आजीच्या घरात मे महिन्यात पंखा नसताना झोप लागायची, स्लॅबच्या घरात एसी लावून लागत नाही.

कूलर मात्र तिकडं जबरदस्त चालतो, हवा कोरडी आहे. फक्त पाणी खारं असेल तर जाळ्या मिठानं भरतात.

सातपुड्याखाली_शिरपूर

मी खोलगट या शब्दावर अडकलोय. इतर सगळं नंतर.

२००६ चा ऑगस्ट आठवतो का कुणाला? बाडमेर जिल्ह्यात कवास नावाचं गाव आहे. बाडमेरला वर्षाला जेमतेम २७०-२८० मिमी पाऊस. त्या वेळी वर्षभरात पडतो त्यापेक्षा जास्त तीन-चार दिवसातच पडला. वाळवंटात पूर म्हणून लोक हसतात पण शंभरावर माणसं गेली, गुरं किती गेली त्याला हिशोब नाही, आर्मी बोटी घेऊन गेली होती. आणि पाणी उतरेच ना, महिनोन् महिने तळं साचून राहिलं, कारण वाळूच्या खाली जिप्समचा थर, त्यातून पाणी मुरतच नाही. म्हणजे वरून रेती दिसते, आपण समजतो सगळं पाणी पिऊन घेईल, खाली परातीसारखं बूड असतं.

तुमच्या बालोतऱ्याजवळची लूणी नदी पण तशीच, वर्षभर कोरडी, क्रिकेट खेळा, पण १९७९ ला तिनं काय केलं ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. कोरड्या नदीशेजारचा प्लॉट बघताना लोक पात्राकडं बघतच नाहीत. आमच्याकडं शिरपूर पॅटर्नमध्ये खानापूरकर साहेबांनी नाले रुंद-खोल केले ते आधी जमिनीखाली काय आहे, काळा पाषाण कुठं, पाणी घेणारा थर कुठं हे बघून. तुम्ही घर घेताना तेवढं जिऑलॉजिस्ट बनायची गरज नाही, पण शेजारच्या शेतात विहीर किंवा खड्डा खणलेला असेल तर त्याच्या बाजूच्या थरांचा फोटो काढून इथं टाका. आणि म्हाताऱ्या माणसाला विचारा इथं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. खोलगट, खारवट, सोसायटीचा पट्टा, टँकर. मला तर एकही कारण दिसत नाही तो प्लॉट घ्यायचं.

लूणीचं अजून एक, बालोतऱ्यात कपडा रंगवायचे कारखाने आहेत, त्यांचं पाणी नदीत जाण्यावरून एनजीटीपर्यंत (हरित लवादापर्यंत) केसेस झाल्यात. नदीकडच्या बाजूला बोअर मारून पाणी लागलं म्हणून कुणी खूश झालं तर ते पाणी आधी लॅबला द्या. फ्लोराईडचं तर पश्चिम राजस्थानात सगळीकडंच बघावं लागतं, १ मिलिग्रॅमच्या आत चांगलं, दीडच्या वर गेलं की पिण्याला बाद, घरात लहान मुलगी आहे तुमच्या.

माहेर_पारोळा

मी पाच-सहा वर्षं बाडमेरला राहिले, ह्यांची नोकरी तेलाच्या फील्डवर होती. वर सगळ्यांनी माती-दगड-कागद सांगितलं, ते बरोबरच आहे, पण घरात दिवसभर राहायचं कुणाला आहे ते कुणी विचारलं नाही.

ताई तिकडं काय करतात? नोकरी आहे का? मुलीच्या शाळेचं काय? मला विचाराल तर अशा प्रोजेक्टच्या गावात पहिली दोन वर्षं मजा वाटते, पगार चांगला, खर्च नाही, मग मुलं शाळेत जायला लागली की ओढाताण चालू. आम्ही शेवटी जोधपूरला भाड्यानं घर घेतलं, हे आठवड्याला यायचे. दवाखाना, शाळा, क्लास सगळं तिथं. एम्स आहे, ते फार मोठं काम झालंय, माझ्या सासूबाईंचं दुखणं तिथंच निघालं. माणसं चांगली आहेत, भाषा सहा महिन्यात येते, बाजरीची भाकरी त्यांची आणि आपली कळण्याची, फार लांबचं नाही. लसणाची चटणी तर ते आपल्यापेक्षा जास्त खातात. मिस होतं ते भरीत, तसली वांगी तिकडं मिळत नाहीत, आणि श्रावणात कानबाई बसते तेव्हा गावाकडं सगळे जमलेले असतात आणि आपण व्हिडिओ कॉलवर ओवाळतोय.

आंधी येते तेव्हा सगळं बंद करून बसायचं, तरी सकाळी झाडलं तर सुपलीभर रेती निघते. वाळत घातलेले कपडे, पापड-कुरडया, काही बाहेर ठेवायची सोय नाही. खिडक्या घट्ट लागतात का हे फ्लॅट बघताना बाईमाणसानं बघावं, पुरुष माणूस पार्किंग बघून येतो.

आणि जळगावच्या घराबद्दल, वडिलांचं मन मोडू नका पण कुलूप लावून ठेवायला रो हाऊस घेऊ नका. आमचं पारोळ्याला तसंच झालं म्हणून नाही सांगत, शेजारीपाजारी बघा, किती घरांना कुलपं आहेत. बहिणी आखाजीला गावच्या घरी येतात, रो हाऊसला नाही येत.

भो_काय_सांगू

ताई शेवटचं वाक्य एक नंबर.

नवी_पेठ_जळगाव

माहेर पारोळा ताईंच्या मुद्द्यात भर. "दोन वर्षात डबल" वाल्यासाठी एक गोष्ट. ही रिफायनरी आधी पचपदऱ्याला होणारच नव्हती, बायतूजवळ लीलाला म्हणून आहे तिथं ठरली होती. तिथं जमिनीवरून वाद झाला, मग पचपदऱ्याला आली. २०१३ ला भूमिपूजन झालं, मग सरकार बदललं, करार परत झाला, काम नव्यानं सुरू व्हायला २०१८ उजाडलं. मधली चार-साडेचार वर्षं ज्यांनी व्याजानं पैसे काढून प्लॉट घेतले त्यांचं काय झालं असेल? मामा सांगतात तेव्हा चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक माणूस प्रॉपर्टी डीलर होता.

९० लाख टनाची रिफायनरी आहे, एचपीसीएल ७४ टक्के आणि राजस्थान सरकार २६, खोटं काही नाहीये, गाव वाढणारच, २०२३ ला बालोतरा जिल्हा पण झाला. पण बांधकाम चालू असताना जेवढी माणसं लागतात तेवढी प्लँट चालवायला लागत नाहीत. आज तुमचा घरमालक कंपनीवाल्याला दुप्पट भाड्यानं देतोय ते कॉन्ट्रॅक्टरची माणसं आहेत म्हणून. ती गेली की खोल्या रिकाम्या. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना हे माहितीये. आणि राग मानू नका, तुम्ही स्वतः पण कॉन्ट्रॅक्टरकडंच आहात.

भुसावळ_जंक्शन

हेच मी लिहिणार होतो. नोकरी पक्की झाल्याशिवाय वीस वर्षाचं लोन तिकडं नको. भाडं वाढतंय त्याचा त्रास होतो, पण वाढलेलं भाडं म्हणजे हप्त्याच्या निम्मं पण नसेल.

घ्यायचंच तर जोधपूरचा फ्लॅट, कारण तो तुमच्या रिफायनरीच्या भरवशावर नाहीये. हायकोर्ट आहे, एम्स आहे, आयआयटी आहे, आर्मी-एअरफोर्स आहे, भाडेकरू मिळतो. उद्या तुमची बदली जामनगरला झाली तरी घर रिकामं राहणार नाही. आणि गावी यायला सूर्यनगरी एक्सप्रेस पकडून सुरत, सुरतेहून ताप्ती लाईननं अमळनेर, तिथून चोपडा कितीसं. एक रात्र आणि थोडा दिवस.

धुळ्याचा_सिव्हिलवाला

मी थोडा असहमत. फ्लॅटपेक्षा जोधपूरच्याच कडेला जेडीएचा पट्टा असलेलं जुनं बैठं घर मिळालं तर ते बघा. कारण टांका. तिकडं घराखाली पावसाच्या पाण्याची टाकी करतात ती फ्लॅटमध्ये तुम्हाला करता येणार नाही. हिशोब सांगतो, हजार चौरस फुटाची गच्ची आणि जोधपूरचा साडेतीनशे मिमी पाऊस म्हणजे ३२ हजार लिटरच्या वर पाणी, पहिला पाऊस सोडून द्यायचा, सांडलवंड पाचवा हिस्सा धरा, तरी २६ हजार उरतं. तीन माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ३० लिटर धरले तर वर्षाला ११ हजार. म्हणजे निम्मी गच्ची पुरते. फ्लोराईड नाही, खार नाही, आरओ नाही. जळगावला तर पाऊस दुप्पट पडतो आणि आपण ते सगळं गटारीत सोडतो, रावेर-यावलला बोअर शेकडो फूट खाली गेले तरी.

भुसावळ_जंक्शन

चाळीसच्या आत बैठं घर जोधपूरला, तेही पक्क्या पट्ट्याचं? शोधा, मिळालं तर मलाही सांगा. मिळेल ते जुन्या शहरात आणि तिथं ओल.

तापीकाठचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, बायकोनं पण बसून सगळं वाचलं. @माहेर_पारोळा ताई ती विचारतेय तुमच्याशी फोनवर बोलता येईल का, मेसेज करते.

प्लॉट कॅन्सल. एजंटला सांगितलं नगर परिषदेचा पट्टा झाला की फोन कर, तर म्हणे तोपर्यंत रेट वाढेल, म्हटलं वाढू दे. फ्लॅटचं टोकन आत्ता देत नाही, नहरबंदी लागली की दोन-तीन बिल्डिंगी दुपारच्या बघून येणार, बायको खिडक्या बघेल मी टाक्या बघतो. मुलीची ॲडमिशन जोधपूरला करायची असं जवळजवळ ठरतंय, म्हणजे भाड्यानं आधी तिकडं जाऊ, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होतं का ते पुढच्या मार्चमध्ये कळेल. वडिलांना रो हाऊसचं नाही म्हणायचंय, ते या आखाजीला समोर बसूनच बोलेन, फोनवर ऐकणार नाहीत.

एक शेवटचं @धुळ्याचा_सिव्हिलवाला, गावच्या घराची गच्ची बाराशे फूट आहे, तिथं टाकी करायची तर केवढी करू? वडिलांना तेवढं काम तरी लावून देतो.

धुळ्याचा_सिव्हिलवाला

घरात माणसं किती त्यावर आहे. गावी चौघं धरली तर पिण्या-स्वयंपाकाचे दिवसाला ४० लिटर, दसऱ्यापासून पुढच्या पावसापर्यंत आठ-साडेआठ महिने, म्हणजे १० हजार लागतात, १५ हजार लिटरची करा. बाराशे फुटावर चोपड्याच्या पावसात ती जुलैतच भरेल. काळ्या मातीत असेल तर टाकीच्या चारी बाजूंनी मुरूम भरून घ्या, काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि भिंतीला ओढते. गच्चीवर कबुतरं बसत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, पाईपला पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह ठेवा, आणि झाकण लोखंडी, कुलूप लागेल असं, घरात नातवंडं येतात तेव्हा.